भजनमंडळाने कृत्रिम बुद्धिमत्ता कुठे वापरावी आणि कुठे वापरू नये

विदर्भातल्या खेड्यांत वर्षभर कुठे ना कुठे जिवंत गाणे चालू असते. कार्तिकातला काकडा, भागवत सप्ताह, तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी रंगणारी भुलाबाईची गाणी आणि दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत मंडईच्या जत्रेनिमित्त होणारी दंडार व खडी गंमत ही लोकनाट्ये आणि रात्रभराची नाटके, असा हा मोठा पसारा आहे. या पसाऱ्यात अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. तबलजी कापूसवेचणीत अडकला, पेटीवाला मुलाकडे पुण्याला गेला, तर एआयकडून बनवून घेतलेला ट्रॅक मोबाइलवर लावून कार्यक्रम का करू नये? ट्रॅक फुकट मिळतो, वेळेवर येतो आणि त्याला बिदागी द्यावी लागत नाही.

हे मार्गदर्शन खेड्यातल्या मंडळांसाठी, विशेषतः भजनमंडळांसाठी आहे. त्यात सांगायचे ते इतकेच की, यंत्राला तालमीत आणि जतनाच्या कामात मोकळ्या मनाने जागा द्यावी, पण श्रोत्यांसमोर वाजणारी प्रत्येक थाप आणि प्रत्येक सूर बाकीच्यांचे ऐकत असलेल्या माणसाकडूनच यावा. हा आग्रह भावनेचा आहे तसाच तो कारागिरीचाही आहे, म्हणून आधी त्याचे कारण पाहू.

ट्रॅक आणि साथ यांतला फरक

भजन आरंभापासून शेवटपर्यंत एका लयीत राहत नाही. भजनी ठेक्याचे आवर्तन, म्हणजे त्याचा एक पूर्ण फेरा, ८ मात्रांचे असते. मोजून पाहिले तर मिनिटाला साधारण ८० मात्रांवर सुरू झालेले भजन गजरापर्यंत १२० च्या पुढे गेलेले अनेकदा आढळते, आणि लय कधी व किती वाढवायची हे कोणीही आधी ठरवलेले नसते. मागे बसलेल्या बायांनी ध्रुवपद उचलले आणि टाळ्या एकत्र पडू लागल्या की म्हणणारा खंजिरीवाल्याकडे नुसते पाहतो, खंजिरीवाला थाप दाट करतो आणि तबला त्याच्यामागे दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, येतो. कधी कोणी वयोवृद्ध श्रोता हात वर करून एखादा चरण पुन्हा म्हणायला लावतो आणि अंतरा दुप्पट लांबतो. तयार ट्रॅकला यांतले काहीच ऐकू येत नाही. तो आपल्या ठरलेल्या चालीने पुढे जातो आणि मग गाणाऱ्यालाच त्याच्या मागे धावावे लागते. म्हणजे ज्याने साथ करायची तोच म्होरक्या होऊन बसतो.

आपल्या भागातल्या दोन थोर पुरुषांचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. गाडगे महाराज (१८७६–१९५६) श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडून उत्तर वदवून घेत आणि त्या उत्तराचा धागा धरून कीर्तन पुढे नेत. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) एका खंजिरीच्या बळावर हजारोंचा समुदाय बांधून ठेवला, आणि १९४२ च्या आंदोलनात इंग्रज सरकारने त्यांना अटक केली. समोरच्या माणसांचा अंदाज घेत गाण्याची ही रीत आपल्या मंडळांना वारशाने मिळाली आहे आणि तीच या कार्यक्रमांचा प्राण आहे.

ऐकून साथ करणारी यंत्रे तयार होत आहेत, हे खरे आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जॉर्डन रुडेस या कीबोर्डवादकाने स्वतःच्याच वादनावर शिकवलेल्या एआय प्रणालीबरोबर जाहीर कार्यक्रम केला. २०२५ मध्ये गूगलने ‘मॅजेंटा रिअलटाइम’ हे वाजता वाजता संगीत निर्माण करणारे प्रारूप सर्वांसाठी खुले केले. हे प्रारूप दोन-दोन सेकंदांच्या तुकड्यांनी संगीत तयार करते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत २ सेकंद म्हणजे ४ मात्रा, म्हणजेच भजनी ठेक्याचे अर्धे आवर्तन होते. खंजिरीने लय वाढवल्यावर अर्ध्या आवर्तनाने मागून येणारा वादक कोणतेही मंडळ ठेवून घेणार नाही.

साथीदार नसेल तेव्हा काय करावे, याचे उत्तरही यातूनच मिळते. वाद्ये कमी करावीत, पण जी असतील ती माणसाच्या हातात असावीत. खंजिरी, एक जोडी टाळ आणि टाळी एवढ्यावर भजन उत्तम उभे राहते. शेजारच्या गावाच्या मंडळाशी साथीदारांची देवघेव ठरवून ठेवावी आणि गावातल्या आठवी-नववीतल्या दोन-तीन मुला-मुलींना आजच ठेका शिकवायला घ्यावा. यंत्राचा खरा उपयोग इथेच सुरू होतो.

तालमीत यंत्राचा उपयोग

ध्वनिमुद्रणातून गळा, ठेका आणि बाकीची वाद्ये वेगवेगळी करून देणारी अ‍ॅप आता साध्या फोनवर चालतात. ‘मोइझेस’ हे त्यांतले एक आहे. शिकाऊ तबलजीने गाण्यातला मूळ ठेका बंद करून उरलेल्या गाण्यावर आपला ठेका वाजवावा आणि अडले की मूळ ठेका पुन्हा सुरू करून ऐकावा. अशा अ‍ॅपमध्ये पट्टी न बदलता लय कमी करता येते आणि लय न बदलता पट्टी बदलता येते. मूळ गाणे पांढरी पाचमध्ये असेल आणि आपला म्हणणारा काळी एकमध्ये गात असेल, तर तालमीपुरते ते खाली उतरवून घ्यावे. फार उतरवल्यास आवाज घोगरा आणि कृत्रिम होतो, पण तालमीला तेवढे चालते.

पेटीचेही याच वेळी पाहून घ्यावे. फोनवर मोफत मिळणारे ट्यूनर अ‍ॅप उघडून पेटीचा एकेक सूर तपासावा. दोन पेट्या एकत्र वाजणार असतील तर दोन्हींचा तोच सूर एकाच वेळी दाबून ऐकावा. आवाजात लाटा उमटत असतील तर दोन्ही पेट्या एकमेकींशी जुळलेल्या नाहीत, आणि पेटी दुरुस्त होईपर्यंत एकच पेटी वापरावी.

ट्रॅकवरचा सराव कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात पूर्ण बंद करावा, हा नियम मंडळाने कसोशीने पाळावा. ट्रॅकची लय कधी हलत नाही आणि त्या भरवशावर शिकलेले हात एकमेकांकडे पाहायचे विसरतात. शेवटच्या तालमी समोरासमोर बसून, टाळासह आणि शक्य असल्यास चार श्रोते बसवून कराव्यात. त्यांत म्हणणाऱ्याने मुद्दाम एखादा अंतरा लांबवावा, एखादा गाळावा, आणि बाकीचे त्याच्याबरोबर येतात का ते पाहावे.

शब्दांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. चॅटजीपीटीसारख्या साधनाला एखाद्या संतांचा अभंग विचारला, तर ते कधी कधी स्वतःच रचलेल्या ओळी संतांच्या नाममुद्रेसह देते. ‘तुका म्हणे’ एवढे पाहून ती रचना तुकोबांची मानणे म्हणजे संतांच्या मुखी परक्याचे शब्द घालणे आहे. यंत्राने दिलेली प्रत्येक रचना छापील गाथेशी ताडून पाहावी आणि गाथेत सापडली नाही तर गाऊ नये. मोठ्या अभंगाच्या चौकात, म्हणजे चार चरणांच्या कडव्यात, ६, ६, ६ आणि ४ अशी अक्षरे असतात. ती बोटांवर मोजली तरी बनावट ओळ पुष्कळदा तिथेच उघडी पडते.

बोलीचा प्रश्नही असाच आहे. या साधनांची मराठी छापील पुस्तकांकडे झुकते. वऱ्हाडी झडती किंवा झाडीबोलीतला खडी गंमतीचा सवाल त्यांच्याकडून ‘सुधारून’ घेतला, तर ‘मले’चे ‘मला’ होते, ‘काहून’ जाऊन ‘का’ येते, यमक तुटते आणि ठेक्यातली एक जागा रिकामी पडते. बोलीतले शब्द गावातल्या जुन्या जाणकारांकडूनच तपासून घ्यावेत. निवेदनाचा कच्चा मसुदा, निमंत्रणपत्रिका, कार्यक्रमाचा क्रम अशा कामांसाठी मात्र यंत्र खुशाल वापरावे.

जुन्या कॅसेटमधला आवाज

माझ्या मते खेड्यातल्या मंडळाला कृत्रिम बुद्धिमत्तेचा सर्वांत मोठा लाभ जुनी मुद्रणे जपण्याच्या कामात आहे. मंडळातल्या जुन्या गायकांचे आवाज अजूनही घरोघरच्या कपाटांत कॅसेटवर पडून आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशी चढते आहे. २०२३ मध्ये बीटल्स या इंग्लिश बँडच्या जॉन लेनन यांचा १९७० च्या दशकातल्या घरगुती कॅसेटवरचा आवाज, गळा आणि वाद्ये वेगळी करणाऱ्या अशाच तंत्राने, पियानोपासून वेगळा काढण्यात आला. आपल्या कॅसेटसाठी लागणारी ‘स्प्लीटर’ आणि ‘डेमक्स’ ही साधने मोफत मिळतात. डीझर या कंपनीने ‘स्प्लीटर’ २०१९ मध्येच सर्वांसाठी खुले केले आहे.

काम सावकाश करावे. टेपवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट थेट लावू नये, जाणकाराकडून आधी साफ करून घ्यावी. चांगल्या कॅसेटची टेप एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळावी, म्हणजे चिकटलेले वेटोळे सुटते. टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावे आणि कोरडे होऊ द्यावे. त्यानंतर टेपरेकॉर्डरचा आउट संगणकाच्या लाइन-इनला तारेने जोडावा. स्पीकरसमोर फोन धरून मुद्रण करू नये, कारण त्यात खोलीचा घुमारा येतो आणि तो नंतर निघत नाही. ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रणालीत ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, डब्ल्यूएव्ही स्वरूपात मुद्रण करावे. स्टिरिओमध्ये ६० मिनिटांच्या कॅसेटला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. ही मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी, तिला हात लावू नये आणि पुढचे सगळे प्रयोग तिच्या प्रतीवर करावेत.

आवाज वेगळे करताना एक अडचण ठरलेली आहे. ही साधने गळा, ड्रम, बास आणि ‘इतर’ अशा चार भागांत विभागणी करतात, कारण ती मुख्यतः पाश्चात्त्य धाटणीच्या गाण्यांवर शिकलेली आहेत. आपली पेटी गळ्याच्या मागोमाग तेच सूर धरते, म्हणून तिचा अंश गळ्याच्या भागात उतरतो. टाळ आणि खंजिरीच्या झांजांचा आवाज ‘स’, ‘श’ या अक्षरांच्याच उंच पट्ट्यातला असल्यामुळे झांज पूर्ण काढायला गेले की शब्द बोबडे होतात. म्हणून सगळे काढण्याच्या मागे लागू नये. टेपची सरसर आणि विजेचा गुंजारव कमी झाला, गळा थोडा पुढे आला आणि शब्द कळू लागले, की तिथे थांबावे. प्रत्येक फाइलला गायकाचे नाव, गाव, प्रसंग आणि अंदाजे वर्ष द्यावे. पाच वर्षांनी हीच माहिती सगळ्यांत मोलाची ठरते.

कार्यक्रमाची रात्र

ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी स्थानिक पोलीस ठाण्यातून आधीच घ्यावी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. काकड्यासारखा पहाटेचा कार्यक्रम या वेळेत येत असेल तर तो विनामाईक करावा. देवळाच्या सभामंडपात मोकळ्या गळ्याचे भजन पन्नास माणसांना सहज ऐकू जाते.

सुरुवातीला सांगितलेल्या नियमाला अपवाद म्हणून मंचावर चालण्याजोगे एकच यंत्र मला पटते, ते म्हणजे तानपुऱ्याचे. त्याला लय नसते, ते कोणाच्या पुढे-मागे होत नाही आणि गळ्याला आधार देते. ते फोनवर लावायचे असेल तर फोन फ्लाइट मोडवर ठेवावा आणि अ‍ॅप आधीच उतरवून घ्यावे, कारण गडचिरोली-मेळघाटच्या आतल्या गावांत ऐनवेळी नेटवर्कवर भिस्त ठेवता येत नाही. तो तारेनेच मिक्सरला जोडावा. ब्लूटूथवरून जाणारा आवाज पुष्कळदा १५० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा एवढा उशीर म्हणजे वादक ५० ते ७० मीटर लांब बसल्यासारखे होते. तानपुऱ्याला हा उशीर सोसतो, पण गाणाऱ्याच्या किंवा तबलजीच्या कानाशी ब्लूटूथ कधीही देऊ नये.

साउंडवाल्याशी आधी बोलून घ्यावे. स्पीकरचे तोंड श्रोत्यांकडे असावे आणि ते माईकच्या पुढच्या बाजूला, माईककडे पाठ करून ठेवावेत. माईक शिटी मारतो तो बहुधा स्पीकर मागे राहिल्यामुळे. नव्या डिजिटल मिक्सरमध्ये शिटी आपोआप ओळखून दाबण्याची सोय असते, ती चालू ठेवायला हरकत नाही. सूर आपोआप दुरुस्त करणारी ऑटो-ट्यूनची सोय मात्र स्पष्ट शब्दांत बंद करायला सांगावी. ती प्रत्येक सुराला पेटीच्या जवळच्या पट्टीवर ओढून नेते. त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, पायऱ्यांसारखी तुटते आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागा, ज्यांत आपल्या गाण्याची आर्तता असते, त्या नाहीशा होतात.

दव हा हिवाळ्यातल्या उघड्यावरच्या कार्यक्रमाचा मोठा शत्रू आहे. रात्री अकरानंतर कातडे ओल धरते, तबल्याची पुडी उतरते आणि डफ अगदी मुका होतो. डफवाल्याने शेकोटीजवळ बसावे, डफ जाळापासून हातभर वर धरून फिरवत राहावा आणि अधूनमधून बोटाने टिचकी मारून पाहावी. टिचकीचा आवाज ठणठणीत आला की लगेच उठावे, कारण त्यापुढे तापवल्यास कातडे तडकते. दोन डफ असतील तर एक वाजताना दुसरा शेकता येतो. तबलजीने हातोडी जवळ ठेवावी, आणि तबला लावून होईपर्यंत निवेदकाने श्रोत्यांशी बोलत राहावे. ही मधली पाच मिनिटे लाजिरवाणी मानू नयेत. श्रोत्यांना वाद्य लागताना ऐकू द्यावे. पुढचे गाणे कशावर उभे राहणार आहे, हे त्यांना त्यातून कळते.

वीज जाणारच, असे धरून चालावे. जनरेटर सुरू होईपर्यंत काय म्हणायचे ते भजन आधी ठरवलेले असावे आणि ते विनामाईक चांगले म्हणता येईल असे निवडावे.

थेट प्रक्षेपण

पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकरांसाठी आता बहुतेक मंडळे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करतात. वाहिनीवर थेट प्रक्षेपणाची सोय पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो आणि फोनवरून प्रक्षेपण करण्यासाठी वाहिनीचे किमान ५० सदस्य (सबस्क्रायबर) लागतात, म्हणून ही तयारी आठवडाभर आधी करावी. फोनमधली किंवा व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपमधली गोंगाट कमी करण्याची सोय बंद करावी. ती मुख्यतः बोलण्याचा आवाज राखण्यासाठी बनलेली असते, त्यामुळे टाळ आणि खंजिरीलाच गोंगाट समजून दाबते. जमल्यास मिक्सरमधून तारेने आवाज घ्यावा आणि श्रोत्यांचा प्रतिसाद ऐकू यावा म्हणून एक माईक श्रोत्यांकडे ठेवावा.

धार्मिक समारंभात कोणाचेही गीत गायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण ती त्या समारंभातल्या सादरीकरणापुरती आहे. चित्रफीत यूट्यूबवर चढवली की प्रश्न वेगळा होतो. सिनेमाच्या चालीवरचे भजन तिथे यंत्राकडून आपोआप ओळखले जाऊन प्रक्षेपण मध्येच थांबू शकते, म्हणून प्रक्षेपणाच्या दिवशी पारंपरिक चालीच घ्याव्यात. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत शब्दांवर हक्क असतो, हेही ध्यानात ठेवावे.

आवाजाचा हक्क

थोड्या मिनिटांच्या मुद्रणावरून कोणाच्याही आवाजाची नक्कल आता करता येते. त्यामुळे एखाद्या दिवंगत बुवांच्या आवाजात नवे भजन बनवावे, असा मोह मंडळांना होतो. मंडळाने आधी कुटुंबाला विचारावे. २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी एका गाण्यासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, तेव्हा त्यांनी कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदलाही दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंह यांच्या प्रकरणात, परवानगीशिवाय आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांविरुद्ध अंतरिम आदेश दिला. आपल्या कायद्यातही सादर करणाऱ्या कलावंताला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क आहे, आणि हा हक्क खेड्यातल्या, मागे साथीला गाणाऱ्या झीलकऱ्यालाही तेवढाच लागू आहे.

परवानगी मिळाली तरी माझे मत असे की, बनवलेला आवाज देवळात लावू नये. बुवांचे मूळ मुद्रण पुण्यतिथीला ऐकवावे आणि त्यांचीच चाल आजच्या मुलांच्या तोंडून गाऊन घ्यावी. एआयने बनवलेला, खरा भासणारा आवाज कुठे प्रसिद्ध केलाच, तर तसे स्पष्ट लिहावे. यूट्यूबने २०२४ पासून हे सांगणे बंधनकारक केले आहे.

मंडळाने एका पानाचा साधा कागद करून ठेवावा. गायकाचे नाव, मुद्रणाची तारीख, ते कुठे कुठे वापरायचे, त्यातून पैसे मिळाल्यास वाटणी कशी होईल, आणि आवाजाची नक्कल करायला संमती आहे की नाही, एवढे त्यात असावे. कागद गायकाला वाचून दाखवून सही किंवा अंगठा घ्यावा, आणि एक प्रत त्याच्या घरी द्यावी. १८ वर्षांखालच्या मुला-मुलींसाठी आई-वडिलांची सही लागेल, आणि त्यांचा आवाज कोणत्याही नक्कल करणाऱ्या साधनाला, संमती असली तरी, देऊ नये.